व्हॉट्स माय लाइन? (१९५०-६७) : पाहुण्याचा धंदा ओळखायचा खेळ, इथे कोणी बघतं का?

रेवा_डोंबिवली

यूट्यूबवर या कार्यक्रमाचे ढीगभर जुने ब्लॅक अँड व्हाइट भाग पडलेत आणि आमच्याकडे सध्या रात्री जेवणं आवरली की मी आणि सासूबाई हेच लावून बसतो. त्यांना सगळं इंग्रजी कळतं असं नाही, मी मधेमधे सांगते, आणि तरी बरेचदा पॅनेल चाचपडत असतं तेव्हा त्या सांगतात की आता ही बाई काय विचारणार. मला याच्याबद्दल बोलायला माणसं हवीयेत म्हणून धागा काढतेय.

ज्यांनी बघितलेलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत सीबीएस या टीव्ही चॅनेलवर २ फेब्रुवारी १९५० ला सुरू झाला, ३ सप्टेंबर १९६७ ला संपला. रविवारी रात्री साडेदहाला न्यूयॉर्कहून, बहुतेक भाग लाइव्ह. चौघांचं पॅनेल टेबलामागे बसलेलं असतं. पाहुणा येतो, फळ्यावर खडूने नाव लिहितो, सूत्रसंचालक जॉन डेलीच्या शेजारी बसतो. मग त्याचं काम काय ते घरच्या आणि हॉलमधल्या प्रेक्षकांना दाखवतात, फक्त पॅनेलला माहीत नसतं. डेली एवढंच सांगणार की माणूस पगारी आहे की स्वतःचा धंदा आहे. पुढे नुसते प्रश्न, आणि उत्तर हो किंवा नाही, दुसरं काही नाही. हो आलं की त्याच पॅनेलिस्टने विचारत राहायचं, नाही आलं की डेली समोरचं एक कार्ड उलटतो, पाहुण्याच्या खात्यात पाच डॉलर, आणि पाळी पुढच्याची. दहा वेळा नाही झालं की पाहुणा जिंकला, पन्नास डॉलर. बस, एवढ्या भांडवलावर साडेसतरा वर्षं!

आता माझा मुद्दा. या कार्यक्रमाबद्दल कुठेही वाचा, सगळे मिस्टरी गेस्टबद्दल बोलतात, म्हणजे शेवटी येणारा तो प्रसिद्ध माणूस ज्याच्यासाठी पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधतात. ते छानच आहे. पण माझ्या मते खरा कार्यक्रम म्हणजे त्याच्या आधीचे साध्या माणसांचे राऊंड. पॅनेल नटूनथटून, बायका गाऊनमध्ये, पुरुष बो टायमध्ये, एक मोठा प्रकाशक, एक नावाजलेली पत्रकार, एक रंगभूमीवरची नटी, आणि समोर एखादा कारखान्यात काम करणारा माणूस. आणि ही सगळी हुशार मंडळी स्वतःचं सगळं डोकं लावून त्याच्या कामाचा माग काढत असतात. तुम्ही बनवता ती वस्तू घरात असते का, बायका आणि पुरुष दोघंही वापरतात का, अंगावर घालतात का, ती वापरताना मी बसलेली असेन का. त्याच्या कामाबद्दल इतक्या बारकाईने त्याला आयुष्यात कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. पगार किती, शिक्षण किती, हे कोणी विचारत नाही. मला ते फार आवडतं आणि आत्ताच्या टीव्हीवर ते मला कुठे दिसत नाही.

आणि ती प्रश्न विचारायची कला! पॅनेलवरची ती नटी, अर्लीन फ्रान्सिस, कशी विचारते बघा. एकदम नेम धरत नाही. आधी वस्तू की सेवा, मग संस्था नफ्यासाठी आहे का, मग लोक तुमच्याकडे येतात की तुम्ही लोकांकडे जाता. दर प्रश्नाला अर्धं जग बाजूला पडलं पाहिजे. आणि नाही टाळायचं असेल तर प्रश्नच उलटा करायचा, म्हणजे "हे खाण्याची वस्तू नाही असं मी धरून चालू का", की पाहुण्याला हो म्हणावं लागतं आणि पाळी हातातून जात नाही. स्टीव्ह ॲलन पॅनेलवर होता तेव्हा १९५३ मध्ये त्याने विचारलं की ती वस्तू पाव ठेवायच्या डब्यापेक्षा मोठी आहे का. तो प्रश्न इतका चालला की पुढे बाकीचेही विचारायला लागले आणि अमेरिकेत बोलण्यात रुळला.

तुम्हाला कुठले राऊंड आवडतात ते सांगा.

सोनटक्का

रेवा मस्त धागा, पण तुझ्याशी असहमत गं. मिस्टरी गेस्ट काढून टाक आणि बघ काय उरतं. एलिनॉर रूझवेल्ट, फ्रँक लॉईड राइट, वॉल्ट डिस्ने, हिचकॉक, लुई आर्मस्ट्राँग, ल्युसिल बॉल कितीदा तरी. ही माणसं आवाज बदलून, किरट्या आवाजात, कोणी नुसतं हुं हुं करून उत्तरं देतात हे दुसरीकडे कुठे बघायला मिळणार?

चित्रकार साल्वादोर दालीचा भाग बघितला नसेल तर आज बघा, १९५७ चा. माणूस आला, फळ्यावर एवढी मोठी सही केली की फळा भरला. पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या. कलेशी संबंध आहे का, हो. तुम्ही लेखक म्हणून ओळखले जाता का, हो. टीव्हीवर दिसता का, हो. खेळाशी काही संबंध, हो! आणि चेहरा एकदम गंभीर, अजिबात खोटं बोलतोय असं नाही, त्याला मनापासून वाटतंय की आपण हे सगळं आहोत. डेलीची पंचाईत, कारण नियमाने हो म्हटलं की हो, पण असंच चाललं तर पॅनेल बिचारं भलतीकडेच जाईल, म्हणून तो मधे पडून समजावतोय की हे जरा जास्त होतंय. शेवटी मिशीवर आले आणि सुटलं. मी तो भाग घरच्या सगळ्यांना पकडून दाखवलाय.

रेवा_डोंबिवली

सोनटक्का, दाली भारीच आहे, वादच नाही. पण मिस्टरी गेस्टमध्ये पॅनेल बरेचदा बाहेरच्या माहितीवर खेळतं. टाळ्या जोरात पडल्या म्हणजे मोठा स्टार. मग या आठवड्यात न्यूयॉर्कमध्ये कोण आलंय, ब्रॉडवेवर कुठलं नाटक लागलंय, कुणाचा सिनेमा येतोय. डोरोथी किलगॅलन पेपरात ब्रॉडवेवर कॉलम लिहायची, प्रकाशक बेनेट सर्फचं सगळ्या मोठ्या लोकांत उठणं बसणं, त्यांना ते ठाऊकच असायचं. साध्या माणसाच्या राऊंडला असला काही आधार नाही, तिथे नुसती अक्कल.

आणि एक, सगळ्याच ओळखीच्या लोकांसाठी पॅनेलच्या डोळ्यांवर पट्टी बांधायचे असं नाही. १९६३ मध्ये कर्नल सँडर्स, हो तेच केएफसीवाले, साधा पाहुणा म्हणून येऊन बसलेत, पांढऱ्या सुटात, पॅनेलचे डोळे उघडे आणि कोणी चेहऱ्यावरून ओळखत नाही. पुढे १९६८ ते ७५ मध्ये जी दुसरी आवृत्ती चालली त्यात १९७४ ला जिमी कार्टर आले होते, तेव्हा जॉर्जियाचे गव्हर्नर. त्यांनाही बघून ओळखता आलं नाही. दोन वर्षांनी ते राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकले.

अनिकेत_म्युनिक

इथे जर्मनीत या खेळाची आवृत्ती घराघरात माहीत आहे. नाव "वास बिन इश?", म्हणजे मी काय आहे. रॉबर्ट लेम्बके सूत्रसंचालक, १९५५ ला सुरू, मधे तीन वर्षं बंद, मग १९६१ पासून थेट १९८९ ला ते वारले तोपर्यंत. माझ्या ऑफिसातल्या साठीच्या पुढच्या कुठल्याही माणसासमोर लेम्बकेचं नाव काढा, तो लगेच बव्हेरियन सुरात विचारतो की कुठलं डुक्कर घेणार. कारण पाहुण्याने आधी रंगीत पिगी बँकांमधून एक निवडायची आणि दर नाहीला लेम्बके त्यात पाच मार्कांचं नाणं टाकणार. खण्ण आवाज येतो. अमेरिकन कार्डापेक्षा मला हे जास्त आवडतं कारण नाही ऐकू येतं. टेबलावर त्यांचा फॉक्स टेरियरही असायचा.

पण मुख्य फरक असा की पाहुण्याने सुरुवातीला आपल्या कामातली एक नेहमीची हालचाल हातांनी करून दाखवायची. तेवढीच. काही सेकंद. कोणी हवेत काहीतरी पिळतो, कोणी दोन बोटांनी काहीतरी उचलून तिरकं धरतो. मग पॅनेल सुटतं. पॅनेलवर हान्स झाक्स नावाचे न्यूरेंबर्गचे सरकारी वकील होते, त्यांचे प्रश्न ऐकताना उलटतपासणी चाललीय असंच वाटतं.

रेवा, तुझ्या मुद्द्याला माझं अनुमोदन. त्या हालचालीतच सगळं आहे. वर्षानुवर्षं तेच काम केलेला हात लगेच कळतो.

पोस्टमन_काका

हातांनी करून दाखवायची पद्धत बीबीसीवरही होती. तिकडे जुलै १९५१ ला सुरू झालं, सूत्रसंचालक एमन अँड्र्यूज, पॅनेलवर गिल्बर्ट हार्डिंग, लेडी इझोबेल बार्नेट, बार्बरा केली, डेव्हिड निक्सन. तिथला सगळ्यात गाजलेला पाहुणा म्हणजे सॅगर मेकर्स बॉटम नॉकर. नाव ऐकून तिकडचे लोक आजही हसतात पण काम नीट समजून घ्या. इंग्लंडात स्टोक ऑन ट्रेंट भागात चिनी मातीची भांडी व्हायची. भट्टीत भांडी उघडी ठेवली तर ज्वाळा आणि धूर लागून खराब होणार, म्हणून ती जाड मातीच्या डब्यात भरून डबे एकावर एक रचायचे. तो डबा म्हणजे सॅगर. डब्याच्या भिंती कसबी कारागीर उभ्या करणार, आणि तळ करायचं काम त्याच्या हाताखालच्याचं, बरेचदा पोरगेलासा मुलगा. जमिनीवर लोखंडी कडं, त्यात मातीचा गोळा, आणि जड लाकडी ठोकळ्याने ठोकून ठोकून सपाट करायचं. दिवसभर तेच. आता भट्ट्या बदलल्या, ते काम गेलं, पण त्या कामाचं नाव लाखो लोकांना माहीत आहे ते या खेळामुळे.

म्हणून मी पण रेवाच्या बाजूने.

तिखटमीठ

मला थोडं वेगळं दिसतं. रेवा म्हणतेय साध्या माणसाला मान मिळतो, मिळतोही, डेली प्रत्येकाला मिस्टर, मिस, मिसेस म्हणूनच हाक मारतो. पण प्रेक्षक कशावर हसतात ते बघा ना. कॉर्सेट, म्हणजे बायकांचा कंबर आवळायचा आतला कपडा, विकणारा माणूस आला आणि पॅनेलने विचारलं की मला याचा उपयोग होईल का, की हॉल डोक्यावर घेतात. सुरुवातीच्या वर्षांत निर्मातेच काही पॅनेलिस्टना प्रश्नांची दिशा सुचवून ठेवायचे, उत्तर सांगायचे नाहीत पण असे प्रश्न विचार म्हणजे हशा पिकेल. पॅनेलवरचा विनोदवीर हॅल ब्लॉक त्यासाठीच होता आणि त्याला १९५३ ला काढलं.

दुसरं, कित्येक राऊंडची गंमतच अशी की देखणी तरुण मुलगी आणायची आणि तिचं काम पुरुषी. वेल्डिंग करते, कुस्ती खेळते. पॅनेल मॉडेलिंग, नर्सिंग, टायपिंग असं फिरत राहणार. म्हणजे बायकांनी काय करावं याची त्या काळची समजूत होती तिच्यावर खेळ उभा. मला बघताना ते खुपतं. कार्यक्रम मी आवडीने बघते, पण हे बोललं पाहिजे.

आणि तिसरं. पहिल्या पॅनेलवर लुई उंटरमायर नावाचे कवी होते. मॅकार्थीच्या काळात, म्हणजे अमेरिकेत कम्युनिस्ट हुडकून काढायची मोहीम चालू होती तेव्हा, त्यांच्यावर डावे असल्याचा शिक्का बसला, निदर्शनं झाली, जाहिरातदार घाबरला आणि १९५१ ला त्यांना काढलं. त्यांच्या जागी बेनेट सर्फ आले. इतका सभ्य कार्यक्रम, पण ही गोष्ट त्याच्या पोटात आहे.

रेवा_डोंबिवली

तिखटमीठ, उंटरमायरांचं फार वाईट झालं. आणि हे सर्फच, रँडम हाऊसचे संस्थापक, ज्यांनी जेम्स जॉइसच्या कादंबरीवरची बंदी उठावी म्हणून १९३३ ला कोर्टात केस लढवून जिंकली होती. त्यांनी त्या खुर्चीत बसावं हे मनाला लागतं.

मुलींच्या राऊंडबद्दल मी उलट बाजूने बघते. समजूत पॅनेलची चुकते आणि ती लाखो लोकांसमोर चुकते. वेल्डिंग करणारी पोरगी दहा कार्डं उलटवून पन्नास डॉलर घेऊन हसत जाते. १९५० च्या दशकात एखाद्या लहान मुलीने हे बघितलं असेल तर तिला कळलंच ना की हे पण काम असतं.

हशाच्या बाबतीत मात्र डेलीला श्रेय द्या. पाहुणा गोंधळला, हो म्हणू की नाही म्हणू असं झालं की डेली लगेच मान झुकवून कानात बोलतो, मग एक लांबलचक वाक्य बोलून पॅनेलला सांगतो की अमुक अर्थाने हो पण तमुक अर्थाने नाही. सगळे त्याच्या लांब वाक्यांना हसतात, पण त्या वाक्यामुळे पाहुणा सावरतो.

जुना_पंखा

डेलीबद्दल थोडं, कारण तो कोण होता हे माहीत असलं की बघण्याची मजा वाढते. जन्म जोहान्सबर्गचा. मूळ रेडिओ पत्रकार, ७ डिसेंबर १९४१ ला पर्ल हार्बरवर हल्ला झाल्याची बातमी सीबीएस रेडिओवर त्यानेच दिली आणि १९४५ ला रूझवेल्ट गेल्याचीही. पन्नासच्या दशकात तो एबीसीच्या बातम्यांचा प्रमुख, रोज संध्याकाळी तिथे बातम्या वाचणार आणि रविवारी रात्री स्पर्धक चॅनेलवर हा खेळ घेणार. आज असं कोणी चालवून घेईल का? खेळ संपल्यावर व्हॉइस ऑफ अमेरिकाचा संचालक झाला.

आणि पन्नास डॉलरच्या बक्षिसाला कमी लेखू नका. १९५८-५९ मध्ये अमेरिकेत प्रश्नमंजुषांचा घोटाळा बाहेर आला. हजारो डॉलरची बक्षिसं, आणि स्पर्धकांना उत्तरं आधीच दिलेली. ट्वेंटी वन या प्रश्नमंजुषेतला विजेता चार्ल्स व्हॅन डोरेन संसदीय समितीपुढे कबुली देऊन मोकळा झाला आणि मोठ्या बक्षिसांचे कार्यक्रम धडाधड बंद पडले. व्हॉट्स माय लाइन? ला धक्काही लागला नाही. पन्नास डॉलरसाठी कोण कशाला लबाडी करेल, आणि हरलं तरी कोणाचं काय गेलं. उलट बरेचदा वेळ संपत आला की डेली उरलेली सगळी कार्डं स्वतःच उलटून टाकतो आणि पाहुण्याला पूर्ण रक्कम देतो. गुडसन आणि टॉडमन या निर्मात्यांचं हेच शहाणपण.

साताऱ्याची_माई

सगळं वाचतेय, छान माहिती. मी शाळेत शिकवते, सातवीचा वर्ग. शनिवारी दप्तर नसतं तेव्हा हा खेळ घ्यावा असं डोक्यात आलंय. गावातली कामं करणारी माणसं बोलवायची, मुलांनी ओळखायचं. एक कल्हईवाले आजोबा आहेत, एक ताई जेसीबी चालवतात, आणि विहिरीत उतरून गाळ काढणारे एक दादा. मुलं एकदम "तुम्ही सुतार का?" असं विचारत सुटतील त्याला काय करायचं?

रेवा_डोंबिवली

माई, किती सुंदर! नेम धरायला बंदी करा पहिल्या पाच प्रश्नांना. वस्तू की सेवा, घरात की बाहेर, रोज लागतं की कधीतरी, असल्याच प्रश्नांना परवानगी. मुलांचे चार गट करा आणि हो आलं की तोच गट पुढे, मूळ नियमासारखं. आणि पाहुण्यांना फळ्यावर नाव लिहायला लावायच्या आधी विचारा, लिहायला नको वाटत असेल तर तोंडी सांगू देत.

अनिकेत_म्युनिक

माई, लेम्बकेची हालचाल नक्की घ्या. कल्हईवाल्या आजोबांना कापसाचा बोळा भांड्यात कसा फिरवतात तेवढंच करून दाखवू दे. आणि पिगी बँक नसेल तर स्टीलच्या डब्यात नाणं टाका, मुलांना तो आवाज फार आवडेल. शेवटी आजोबांना पाच मिनिटं द्या, नवसागर टाकल्यावर धूर का येतो ते सांगू देत. ओळखून झाल्यावर पाहुण्याशी गप्पा, हा मूळ खेळातलाही मला सगळ्यात आवडणारा भाग आहे आणि तिथे तो नेहमी घाईत उरकतात.

साताऱ्याची_माई

धन्यवाद दोघांना. जेसीबीवाल्या ताईंना आजच विचारते.

सोनटक्का

डोरोथी किलगॅलनबद्दल कोणीच बोललं नाही अजून. मला पॅनेलवर तीच सगळ्यात आवडते. बाकीचे हसवतात, ही जिंकायला खेळते. चौघांत तिचे प्रश्न सगळ्यात टोकदार.

पोस्टमन_काका

खरंय. गुन्हेवार्ता करणारी पत्रकार, बायकोच्या खुनाचा आरोप झालेल्या डॉक्टर सॅम शेपर्डचा खटला, केनेडींच्या खुनातला आरोपी ऑस्वाल्डला गोळी घालणाऱ्या जॅक रूबीचा खटला, सगळीकडे हजर. ७ नोव्हेंबर १९६५ च्या रविवारी ती नेहमीसारखी कार्यक्रमात होती, दुसऱ्या दिवशी मॅनहॅटनच्या घरी मृत सापडली. वय ५२. दारू आणि झोपेच्या गोळ्या एकत्र झाल्याने असं तपासणीत आलं, पण कशामुळे झालं ते नक्की ठरलं नाही. रूबीशी बोलली होती म्हणून त्यावर आजपर्यंत तर्क चालू आहेत. माझी विनंती की इथे त्यात शिरू नये. पुढच्या रविवारचा भाग बघा. किटी कार्लाइल तिच्या खुर्चीत बसली, खेळ नेहमीसारखा झाला, आणि शेवटी निरोप घेताना एकेकाने तिच्याबद्दल बोलून घेतलं. लाइव्ह कार्यक्रमात, सहकारी जाऊन आठवडाही झालेला नसताना, ही माणसं ज्या संयमाने बसलीत ते बघून मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला.

तिखटमीठ

तो भाग मी बघितलाय. सर्फचा आवाज बदललेला कळतो.

शेवटचा भाग, १९६७ चा, कोणी बघितला का? मिस्टरी गेस्ट खुद्द डेली. पॅनेलच्या डोळ्यांवर पट्ट्या, आणि हा प्रश्नांची उत्तरं बदललेल्या आवाजात देतोय आणि मधेच सूत्रसंचालक म्हणून स्वतःच्या आवाजात बोलतोय.

रेवा_डोंबिवली

बघितला, दोनदा! माझी एक शंका आहे. काही भागांचं चित्र इतकं पुसट का? आणि १९६६ ला रंगीत झालं असं वाचलं, मग रंगीत भाग दिसत का नाहीत?

जुना_पंखा

कारण आपण बघतो ते किनेस्कोप. लाइव्ह कार्यक्रम चालू असताना मॉनिटरसमोर फिल्मचा कॅमेरा लावून पडद्याचंच चित्रीकरण करायचे, ती फिल्म. ती ब्लॅक अँड व्हाइट, म्हणून शेवटच्या वर्षी प्रक्षेपण रंगीत होतं तरी हाती उरलंय ते बहुतेक काळंपांढरं. त्यातही सुरुवातीच्या वर्षांच्या फिल्म चॅनेलने जपल्या नाहीत, टाकून दिल्या. १९५२ मध्ये निर्मात्यांना हे कळलं तेव्हा त्यांनी जपायची व्यवस्था केली, म्हणून तिथून पुढचे भरपूर भाग आहेत आणि आधीचे फार थोडे. पण १९५० चा अगदी पहिला भाग वाचलाय, यूट्यूबवर आहे. त्यात अजून अर्लीनही नाही, सर्फही नाही, सेट साधासा, पॅनेल पाहुण्याला समोरून चालायला लावून निरखून बघतंय. मिस्टरी गेस्ट यांकीजचा बेसबॉलपटू फिल रिझुटो. उद्या रात्री तो लावा.